नलिनीताईंचा पर्चा

नलिनीताई निनावे यांची आणि माझी पहिली भेट नागपूरच्या महाल भागातल्या एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत झाली. माझी मावशी नवरा गेल्यानंतर आमच्याकडे राहायला आली होती. तिला निराधार पेन्शन मिळेल का, हे विचारायला मी तिला घेऊन गेले होते. मी शिकलेली, बोलायची सवय असलेली. बसल्या बसल्या सगळी हकीकत मीच सांगू लागले. ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"मॅडम, जरा थांबा. पेन्शन तुमची आहे का यांची?"

"यांची."

"मग यांना बोलू द्या."

मावशी चाचरत बोलली. ताईंनी मध्ये एकदाही तोडले नाही. मग कुठे जायचे, कोणते कागद न्यायचे, कोणाला एक पैसाही द्यायचा नाही, हे सगळे तिच्याच बोलीत सांगितले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही मले सांगा. उद्या तुम्ही काय काय करान?" मावशी उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडली. मी मदतीला सरसावले तर ताईंनी हात वर करून मला गप्प केले. मावशीला मात्र त्या रागावल्या नाहीत. समोरच्या कागदावर त्यांनी काहीतरी खोडले आणि म्हणाल्या, "इथं मीच नीट नाही सांगितलं."

ताईंची सारी कार्यपद्धती या एका वाक्यात आहे, हे मला पुढे त्यांच्यासोबत काम करताना कळले. त्यांचे घराणे विणकरांचे. माग बंद पडल्यावर वडील गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे वाहत. ताई शिकल्या, महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ही खोली घेतली. सरकारी योजनांची माहिती एका पानावर, मोठ्या अक्षरात, रोजच्या बोलण्यातल्या शब्दांत लिहायची आणि फुकट वाटायची, एवढेच काम. त्या पानाला आम्ही पर्चा म्हणतो. पर्चा छापण्यापूर्वी तो वस्तीतल्या पाच-सहा बायांना वाचून दाखवायचा आणि त्यांच्याकडून परत ऐकायचा, हा ताईंचा नियम. बाई जिथे अडेल ती ओळ बदलायची. बाईला समजले नाही, असे त्या खोलीत म्हणायचे नाही.

दुसरा नियम असा की पर्च्यावर कोणाचेही नाव नाही, फोटो नाही. वस्तीतले एक पुढारी एकदा स्वतः आले होते. "ताई, हजारांनी छापून देतो. वर फक्त आपला छोटासा फोटो."

"छोटा काहून? पूर्ण पानावर टाका नं," ताई म्हणाल्या. "मजकूर मागच्या बाजूला लिहू."

ते हसले, पण उठले नाहीत. तेव्हा ताईंनी शांतपणे सांगितले, "भाऊ, तुमचा फोटो पाहिला का बाया समजतात पैसे तुम्हीच देल्ले. मग बंद झाले का तुमच्याच दारी येतात. तुमचीही झोप खराब, त्यांचीही."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यातल्या एका नव्या कार्यकर्तीने एका विधवा बाईला नवरा कसा गेला, हे विचारले. बाई रडली. ती गेल्यावर ताईंनी त्या मुलीला जवळ बसवले. "काहून विचारलं वं? पर्च्यात लागते का थे?" त्या दिवसापासून आमच्या खोलीत येणाऱ्याला आधी पाणी मिळते आणि कामापुरतेच प्रश्न विचारले जातात.

इथवर लिहिणे सोपे होते. पुढचे लिहावे की नाही, याचा निर्णय मला बरेच दिवस करता आला नाही. ताईंच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या अशा गौरवग्रंथात कोणी अशी गोष्ट लिहीत नाही. पण ती वगळली तर ताईंविषयी मला जे ठाऊक आहे, त्यातले सर्वांत मोलाचे वगळल्यासारखे होईल.

पेन्शनच्या एका पर्च्यात ताईंनी लिहिले होते: "पैसे येणे बंद झाले तर तहसीलमध्ये नवा अर्ज करा." त्यांच्या जुन्या अनुभवात असे केल्याने कामे झाली होती. आम्ही पर्चा वाचून दाखवला. एकही बाई अडली नाही. सगळ्यांनी ती ओळ धडाधड परत सांगितली, आणि म्हणून आम्हा कोणालाच शंका आली नाही. ओळ सोपी होती. पण मधल्या काळात पैसे देण्याची रीत बदलली होती, आणि ती ओळ आता बरोबर राहिली नव्हती.

मौद्याजवळच्या गावातल्या रुखमाबाईंनी तो पर्चा महालात राहणाऱ्या बहिणीकडून नेला. त्यांच्या नेहमीच्या खात्यात पैसे येईनासे झाले होते. खरे तर ते बचत गटासाठी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात जात होते, कारण आधार त्या खात्याला जोडलेले होते. रुखमाबाईंना हे माहीत नव्हते. त्यांनी पर्च्यात सांगितल्याप्रमाणे नवा अर्ज केला. एका नावाचे दोन अर्ज दिसले, चौकशी लागली आणि जे येत होते तेही थांबले. त्यांना दुसरी मिळकत नाही. रक्तदाबाची गोळी त्या एक दिवसाआड घेऊ लागल्या.

हे कळले त्या दिवशी ताईंनी पर्चा वाटणे थांबवले. दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर जाऊन जुने पर्चे परत मागू लागल्या. मौद्याला गेल्या तेव्हा मी सोबत होते. रुखमाबाईंनी बाज टाकली. ताई बसल्याही नाहीत.

"रुखमाबाई, पर्च्यातलं थे वाक्य माहं होतं. चुकीचं होतं."

"नाही वं बाई, माह्याच अर्जात काही चुकलं असन."

"तुह्यं काहीच नाही चुकलं. मी लिहिलं तसंच तू केलं."

रुखमाबाईंनी विचारले, "मंग आता माहं काय होईन?"

मला वाटले, ताई धीर देतील. त्या म्हणाल्या, "मले आज माहीत नाही. पण तहसीलले तुह्यासोबत मी येईन. काम होतवर येईन."

"तुमचे गुडघे पाहा बाई आधी! मलेच तुम्हाले धरून न्या लागन."

"मग धर नं," ताई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे बाजेवर टेकल्या.

तेव्हापासून ताई बसने मौद्याला जातात. वय पंच्याहत्तर, रक्तात साखर, बाहेर नागपूरचे ऊन. प्रत्येक वेळी त्या परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. रिक्षा करून देते म्हटले तर ऐकत नाहीत. दुसरा अर्ज आता मागे घेतला आहे. पुढच्या यादीत नाव येईल, असे लिहून मी हा लेख ताईंना दाखवला, तर त्यांनी ते वाक्य खोडले. "येईल म्हणून तुले कोणी सांगितलं? येईल असं थे म्हणतात, एवढंच लिही." म्हणून तेवढेच लिहिते: नाव येईल, असे कार्यालयात सांगितले आहे. आज हे लिहीपर्यंत पैसे जमा झालेले नाहीत.

ही चूक ग्रंथात छापू का, असे मी त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, "हे पुस्तक ज्या घरी जाईन, तिथं जुना पर्चा अजून खिळ्याले लटकला असन. छाप. बरोबर काय थेही छाप."

म्हणून वाचकांनी हे आपल्या घरी, शेजारी जरूर सांगावे: पेन्शनचे पैसे नेहमीच्या खात्यात आले नाहीत, तर लगेच नवा अर्ज करू नका. आधी बँकेत जाऊन आपले आधार कोणत्या खात्याला जोडलेले आहे, ते विचारा. त्या खात्यात पाहा. तिथेही नसतील, तर तहसीलमध्ये जुन्या अर्जाचीच चौकशी करा.

सत्काराचा समारंभ रविवारी आहे. मंगळवारी ताईंना पुन्हा मौद्याला जायचे आहे, आणि माझ्या मनात या घडीला समारंभापेक्षा मंगळवारच अधिक आहे. नलिनीताईंचे गुडघे, डोळे आणि श्वास त्यांना साथ देवोत. रुखमाबाईंच्या पासबुकात उमटलेली नोंद ताईंना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला मिळो. आणि ती वाचून झाल्यावर घरी येऊन निवांत झोपण्याची पुष्कळ, पुष्कळ वर्षे त्यांना लाभोत.