तणसावर निजवलेली मोटार

ओल्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, वास आला की मला सावली गावातलं आमचं अंगण आठवतं. त्या संध्याकाळी ताईची पाठवणी होती, आणि काकांच्या जुन्या मोटारीचा दिव्यांना वीज पुरवणारा डायनॅमो आदल्याच दिवशी जळाला होता. काकांनी चंद्रपूरहून दुसरा आणला, पण तो बसवायची जागा इंजिनाच्या पार पोटात. तिथं उंदरानंही वाट विचारत जावं. काका घामाघूम होऊन ओरडले, "हात जाऊनच नाई राह्यला!" ताई आतून रडत म्हणाली, "मी का बैलबंडीत बसून जाऊ सासरी?" तशी शेजारचे भाऊ गरजले, "बंडी बिघडली तं आपण आडवी करतो, मंग हिले काऊन नाई?" झालं! पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, धानाच्या तणसाचा ढीग रचला आणि अर्ध्या गावानं मोटार उचलून म्हशीसारखी कुशीवर निजवली. डायनॅमोची जागा अशी समोर आली की काकांनी पाटावर बसून, पान चघळत काम उरकलं. अंधार पडता ताईच्या सासरी, चामोर्शीत शिरलो तेव्हा मोटारीचे दिवे एवढे लखलखले, की तिथले कोंबडे पहाट समजून आरवले. ताई आजही म्हणते, मोटार उचलणारे सातआठच जण होते. पण तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला काय दिसणार!