आमच्या आईंच्या चोईबाई

आज जी बाई गेली, तिच्यावर मी जवळजवळ चाळीस वर्षं जळले.

मिसेस चोई. न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीच्या आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या दारात राहणाऱ्या कोरियन बाई. माझ्या सासूबाई त्यांना चोईबाई म्हणायच्या, म्हणून मग आम्ही सगळेच.

एटीजमधली गोष्ट. आई, म्हणजे सासूबाई, साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. सहा महिन्यांसाठी, आणि रमल्या तर कायमच्या. माझ्या नवऱ्याची, सुहासची, फार इच्छा होती.

त्याच्यापेक्षा माझी जास्त होती. माझी स्वतःची आई मी लहान असतानाच गेली. घरात कुणाला तरी "आई" म्हणून हाक मारायची, ह्याची मी वाट बघत होते.

आई रमल्या. पण समोरच्या घरात.

ह्यांना इंग्रजी येत नाही, त्यांना जेमतेम. ह्या मराठीत बोलणार, त्या कोरियनमध्ये, आणि ते तासन्तास चालणार.

माझ्या आमटीला चव नाही. चोईबाईंची आंबवलेली कोबी मात्र बोटं चाटून. आई शाकाहारी म्हणून चोईबाई मासळी न घालता वेगळी बरणी भरायच्या. आता ह्यात राग येण्यासारखं काय आहे? पण मला यायचा.

एका शनिवारी चोईबाईंनी आईंना न्यूयॉर्कला न्यायचं ठरवलं. एका म्युझियममध्ये जुन्या कोरियन वस्तूंचं एक्झिबिशन लागलं होतं. चोईबाईंना ड्राइव्ह करता येत नव्हतं, म्हणून मी.

दोघी मागच्या सीटवर. माझ्या शेजारची सीट रिकामी.

आधी एका जुन्या कोरियन चर्चमध्ये गेलो. कोरिया जपानच्या ताब्यात होता तेव्हा देशासाठी धडपडणारी तरुण मुलं तिथे जमायची, असं चोईबाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तळघरात भिंतीवर फोटो होते. त्यांनी एकावर बोट ठेवलं.

"माय अंकल. प्रिझन."

ते आईंना कसं कळलं, देव जाणे. त्या सरळ मराठीत सांगायला लागल्या. त्यांचे वडील बेचाळीसला तुरुंगात होते. सुटून आले ते दाढी वाढलेले, निम्मे झालेले. अकरा वर्षांच्या आईंनी त्यांना ओळखलंच नाही. दारातूनच "बाबा घरी नाहीत" म्हणून सांगितलं.

हे मला माहीत नव्हतं. सुहासलाही नव्हतं, मी नंतर विचारलं. आणि सांगितलं कुणाला, तर जिला त्यातला एक शब्द कळत नाही तिला.

चोईबाईंनी आईंचा हात दोन्ही हातांत घेतला. मी गाडी बघून येते म्हणून बाहेर आले आणि फुटपाथवर रडले.

मग म्युझियम. हिरवट झाक असलेली नाजूक भांडी, मोठाले रांजण. "लोणच्याच्या बरण्या काचेत ठेवल्यात," आई म्हणाल्या.

पुढे एका जुन्या घरातली खोली जशीच्या तशी मांडली होती. कागदी दारं, बुटकं टेबल, लखलखीत जमीन. समोर गुडघ्याएवढी दोरी.

चोईबाई थबकल्या. मग त्यांनी बूट काढले.

आईंनीही काढले. दोघींनी ते जोडीने नीट लावले, दोरी ओलांडली आणि आत जाऊन मांडी घालून बसल्या. पाहुण्या आल्यासारख्या.

चोईबाईंनी शेजारची जमीन थोपटली. "कम. सिट."

मी बूट घालून दोरीबाहेर उभी. लोक बघत होते. तेवढ्यात गार्ड आला. मी त्याला इतक्यांदा सॉरी म्हटलं की शेवटी तोच मला इट्स ओके म्हणायला लागला.

चोईबाईंना त्यांच्या दारात सोडलं. आमचं कुलूप उघडता उघडता आई म्हणाल्या, "चोईबाईंना कळतं. घर म्हटलं की पायातलं बाहेर."

आम्ही घरात कार्पेटवर बूट घालून फिरायचो. हे मलाच होतं, असं मला वाटलं.

"मग त्यांच्याकडेच राहा ना," मी म्हटलं.

आई बूट दाराबाहेर काढून आत गेल्या. सहा महिने झाले आणि परत गेल्या. सुहासला म्हणाल्या, थंडी सोसत नाही. पुन्हा आल्या नाहीत.

साताऱ्याहून त्यांची पत्रं यायची. प्रत्येक पत्रात शेवटची ओळ ठरलेली. चोईबाईंना माझा नमस्कार सांग.

मी एकदाही सांगितला नाही.

चोईबाई जिन्यात गाठून विचारायच्या, "मदर? लेटर?" मी म्हणायचे, शी इज फाइन. पत्र सुहासच्या नाही, माझ्या नावावर यायचं. तेवढं तरी माझ्या एकटीचं असू दे, असं वाटायचं. किती कोत्या मनाची होते मी.

आई गेल्या तेव्हा चोईबाई आमच्या नव्या घरी आल्या. दोन्ही हातांनी पेअर फळांचं खोकं धरून. दारात बूट काढले. खूप रडल्या. तेव्हा तरी सांगायचं! नाही सांगितलं.

आज दुपारी त्यांच्या मुलीकडे गेले. फोटोसमोर चटई अंथरली होती. मी बूट काढून जोडीने लावले. माझे गुडघे आता कामातून गेलेत, तरी भिंतीला धरून खाली बसले.

"आंटी, यू वॉन्ट अ चेअर?" मुलगी म्हणाली. नको म्हटलं.

मग मराठीतच बोलले. त्यांना सवय होती.

"चोईबाई, आमच्या आईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

आता तुमच्या तुम्ही भेटा दोघी. मी मध्ये येणार नाही.