आत्याचा पाहुणा

माझ्या आत्याला गल्लीत सत्तूरवाली म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मटणाचं दुकान आजोबांनी तिच्या नावावर केलं होतं, कारण माझ्या वडिलांना रक्त बघून घेरी यायची. दुकानात कुणी वेडंवाकडं बोललं की ती सत्तूर ठोकळ्यावर ठेवायची, हात फडक्याला पुसायची आणि मगच कानाखाली जाळ काढायची. हत्यार हातात असताना माणसाला शिवायचं नाही, एवढा एकच नियम ती पाळायची.

ती चाळिशीला टेकली तेव्हा दुकानातला मोठा फ्रीज बंद पडला आणि तो दुरुस्त करायला एक परदेशी मेकॅनिक आला. अगदी गरीब गाय. नंतर तो फ्रीज वरचेवर बिघडायला लागला. कोण बिघडवत होतं ते अख्ख्या गल्लीला कळलं होतं. शेवटी आत्याने कोर्टात जाऊन त्याच्याशी लग्न केलं. घरात सगळे त्याला पाहुणा म्हणायला लागले, आणि वर्षं गेली तरी पाहुणाच म्हणत राहिले.

त्याचा राहण्याचा परवाना दर वर्षी नवा करावा लागे. कायमचा हवा असेल तर नवरा-बायको एका घरात राहायला हवेत, त्याच्या नावावर पोलिसात साध्या मारामारीचीही नोंद नको, आणि बायकोच्या जवळच्या नातेवाइकाची सही हवी. सहीसाठी आत्याने माझ्या वडिलांना जेवायला बोलावलं आणि हे सगळं समजावून सांगितलं. पाठचा भाऊ, त्याच्यापासून काय लपवायचं! वडिलांनी मुकाट सही केली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पाहुण्याला पहिल्यांदा मारलं.

दुकान परक्याच्या घशात जाणार, ही त्यांची पोटदुखी होती. पाहुण्याने उलट हात उचलला तर नोंद होणार आणि परवाना बुडणार. नाही उचलला तर मार खाऊन एक दिवस पळून जाणार. वडील रबरी पाइप घेऊन जायचे आणि पाठीवर, बरगड्यांवर, रक्त येणार नाही अशा जागी मारायचे. मी डबा द्यायला गेले तेव्हा एकदा डोळ्यांनी पाहिलं. पाहुणा फ्रीजला पाठ लावून, डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता.

"मार की! मार मला!" वडील ओरडत होते. "हात नाहीत का तुला?"

"नाही मारणार," तो म्हणाला. "मला इथे राहायचंय."

मी वडिलांचा दंड धरला तर कोपराचा दणका माझ्या तोंडावर बसला आणि ओठ फाटला. माझं रक्त बघून मात्र ते खाली बसले. अशा बापाचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

आत्या दात-ओठ खात गप्प राहायची. घरातल्या कुणाचंही नाव पोलिसात गेलं की अर्ज बुडतो, अशी तिची समजूत होती. पाहुण्याची बरगडी मोडली तेव्हा कुठे ती वकिलाकडे गेली. मी सोबत होते.

"माझ्या नावावर केस झाली तर?" तिने विचारलं.

"अर्ज त्यांचा आहे बाई. तुमची नोंद कोण बघतंय?"

आत्या हसली. परत येताना तिने मला शेंगदाणे घेऊन दिले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच गाणं गुणगुणलं.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत वडील पाइप घेऊन आले. आत्याने सत्तूर ठेवला, हात पुसले आणि तराजूतलं लोखंडी वजन उचललं.

"ताई, बघ हं," वडील म्हणाले. "अर्ज बुडेल."

"माझा कसला अर्ज रे?"

पहिल्या घावात पाइप धरलेला हात मोडला. दुसऱ्यात खांद्याचं हाड वाजलं, ते मी रस्त्यावरून ऐकलं. गिऱ्हाइकांनी तिला मागे ओढलं नसतं तर तिसरा डोक्यात बसला असता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आत्याला वर्षाची शिक्षा झाली. ती ताठ मानेने गेली. पाहुण्याची पाटी कोरी होती आणि तिच्या दृष्टीने काम झालं होतं. तो दुकान उघडायचा, मटण वेडंवाकडं तोडायचा आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या हसून ऐकायचा.

मग परवान्याच्या ऑफिसातून तपासणीला साहेब आला. त्याने दोन उशा बघितल्या आणि बायको कुठे आहे ते विचारलं. पाहुण्याने खरं ते सांगितलं. साहेबाने कागदावर लिहिलं, नवरा-बायको एकत्र राहत नाहीत. मी घसा फोडून भांडले, वकील धावला, पण अर्ज फेटाळला तो फेटाळलाच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

जायच्या दिवशी पाहुणा बॅग घेऊन आमच्या दारात आला. त्याला विमानतळावर न्यायला आलेली पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. वडील चहा पीत होते. त्यांचा हात एव्हाना जुळून आला होता. पाहुण्याने बॅग भिंतीशी ठेवली, चपला काढल्या, आत आला आणि वडिलांना कॉलर धरून उठवलं. आता त्याच्याकडे जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने त्यांना भिंतीवर आपटलं, तोंडावर मारलं, नाकावर मारलं, ते पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या, आणि मारताना तो लहान मुलासारखा रडत होता. मी उठले नाही. आई स्वयंपाकघरातून आली, तिने सांडलेला चहा बघितला आणि परत आत गेली. मग त्याने हात धुतले, चपला घातल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बॅग उचलून पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला.

मी हे सगळं आत्याला तुरुंगातल्या जाळीपलीकडून सांगितलं. ती खो खो हसली. "नाकावर मारलं? खरंच?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं.

मग म्हणाली, "अगं, पण तो आहे कुठे?"

"गेला गं आत्या. मारल्यावर लगेच नेलं त्याला."

"परत कधी येऊ देतील?"

मी वकिलाला ते आधीच विचारून आले होते. "आता नाही येऊ देणार," मी म्हणाले. "बाबांनी केस केली. त्याच्या नावावर मारामारीची नोंद झाली. नाहीतर तू सुटल्यावर पुन्हा अर्ज करता आला असता."

आत्याने जाळी दोन्ही हातांनी धरली आणि ती त्या जाळीवर डोकं आपटायला लागली. पहारेकरीण धावत आली, पण तिला एकटीला आत्या आवरेना.