बहिणीला पार्टी करा

“मॅडम, पुढच्या तारखेला दोघे भाऊ तडजोड करणार. मग जमीन बिल्डरकडे. आणि मी?” वंदनाताई युनिफॉर्मवरच आल्या होत्या. अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. शिफ्ट सुटल्यावर रिक्षा करून थेट माझ्या उल्हासनगरच्या वकिलीच्या ऑफिसात.

बदलापूर गावातली वडिलांची जमीन. मोठ्या भावाने धाकट्यावर मालकीचा दावा लावलेला. वडील मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे बहिणीचाही हिस्सा. दाव्यात मात्र तिचं नावच नाही.

अशा वेळी बाहेरचा माणूस कोर्टाला अर्ज करतो, की माझ्याशिवाय हा वाद सुटणार नाही, मलाही दाव्यात पार्टी, म्हणजे पक्षकार करा. आम्ही त्याला थर्ड पार्टी म्हणतो. सख्ख्या बहिणीसाठी हा शब्द लिहिताना माझं डोकं फिरलं. तरी लिहिला.

सुनावणीला दोन्ही भावांचे वकील एका सुरात बोलले. “या बाईंचं नातंच आम्हाला मान्य नाही. वेगळा दावा करून सिद्ध करावं.” वेगळा दावा उभा राहीपर्यंत तिथे टॉवर उभा राहिला असता.

मी मुद्दाम म्हटलं, “साहेब, नातं मान्य नाही, म्हणजे यांनी तिला कधी भाऊबीजेलाही बोलावलं नसणार.”

मागच्या बाकावरून मोठा भाऊ ताडकन उठला. “काय बोलता? लग्न मी लावून दिलंय हिचं. भाऊबीजेची साडी एकदा चुकली नाही. गावात कोणालाही विचारा.” त्याचे वकील त्याचा शर्ट ओढत होते.

जज्जसाहेबांनी विचारलं, “म्हणजे बहीणच ना तुमची?”

“मग काय तर. पण साडीचोळी केली साहेब, आता जमिनीत तिचं काय राहिलं?”

“हक्क सोडल्याचा रजिस्टर कागद आहे?”

“बहिणीकडून कोण कागद करून घेतो, साहेब?”

अर्ज मंजूर झाला. वंदनाताई प्रतिवादी क्रमांक दोन झाल्या आणि तडजोड अडली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर पॅसेजमध्ये मोठा भाऊ तिला म्हणाला, “आजपासून माहेर बंद तुला.”

“बंद करायला ते तुझ्या एकट्याचं आहे का?” ताई म्हणाल्या. “तेच विचारायला आलेय इथे.”

पार्टी झालं म्हणजे हिस्सा मिळाला असं नाही. केस अजून चालू आहे. पण आता त्या जमिनीवर तडजोड करायची, तर तिसरी सही लागते. ती सही करणारी सध्या सेकंड शिफ्टला असते, भावांना तिच्या सोयीने यावं लागेल.