भोंग्याचा एकच शब्द

आमच्या पोर्टगारीत निम्मी वस्ती वॉट आडनावाची, त्यामुळे प्रत्येकाला टोपणनाव लागतंच. एल्सपेट वॉटचं होतं भोंगा. चाळीस वर्षं तिने पाठीवर टोपली घेऊन शेतावरच्या घरांमध्ये मासळी विकली. ती टेकडी चढू लागली की तिची हाक ऐकून पलीकडच्या बायका ताटं घेऊन दारात येत. बोली अस्सल आमच्या किनाऱ्याची. बाकीचं स्कॉटलंड 'काय'ला 'व्हिट' म्हणतं, आम्ही 'फिट' म्हणतो. याच 'फ'पायी शाळेत मास्तरांनी चामडी पट्ट्याने तिचे तळहात फोडून काढले होते.

१९५५ साली एडिनबराहून गिल्मर नावाचे अभ्यासक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले. बोलींचा नकाशा करायचा होता, गावागणिक एक माणूस. शेजारच्या इंचबरीने दोन फिती भरून दिल्या होत्या. आमच्या गावातून निवड झाली एल्सपेटची.

"दोन भरल्या म्हणे," ती माझ्या पोस्टात येऊन म्हणाली. "मी तीन भरते. त्या मेल्यांना बोलता कुठं येतं? नुसते शेंबूड ओढतात."

वीज पोस्टातच होती, म्हणून मुद्रण माझ्या मागच्या खोलीत झालं. एल्सपेट चर्चची टोपी घालून आली. समोर टाय लावलेला माणूस, हातात कागद आणि पेन्सिल. त्याने चित्र दाखवलं.

"बाई, याला तुम्ही काय म्हणता?"

"तो समुद्रपक्षी होय, महोदय," भोंगा म्हणाला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बटाटे, चिखल, रडकं मूल, सगळं शुद्ध इंग्रजीत. गिल्मर समजुतीने म्हणाले, "शाळेतलं नको, घरातलं सांगा. एके काळी राजाचे कायदेसुद्धा तुमच्या या स्कॉट्स भाषेत लिहीत. मग राजा लंडनला गेला, बायबल इंग्रजीत आलं, उरलेलं शाळांनी केलं."

"तर मग राजांनाही आमच्या गुरुजींनी शासन केले असते, महोदय."

तासभर हेच चाललं. आपलं काय होतंय ते तिला कळत होतं, मान लालबुंद झाली होती, पण जीभ वळेना. शेवटी गिल्मर उठले आणि पाठमोरे होऊन कागद आवरता आवरता काहीतरी पुटपुटले. एल्सपेटला कमी ऐकू यायचं.

"फिट?" ती म्हणाली.

आणि लगेच तिचा उजवा हात पुढे आला. तळवा वर, बोटं जुळलेली. ती अडुसष्ट वर्षांची होती. मास्तरांना जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी मला त्यांचा संताप आला.

गिल्मर वळले. त्यांना वाटलं, निरोपाचा हात आहे. त्यांनी तो हातात घेऊन हलवला आणि आभार मानले.

नकाशावर पोर्टगारीपुढे तेवढा एकच शब्द आहे. इंचबरीकर अजून चिडवतात, तुमचा भोंगा एकदाच वाजला म्हणून. त्यांना मी हाताचं सांगत नाही.