समुद्राकडे तोंड करून

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी गाडीतल्या बर्थची यादी करत होते. वरच्या बर्थवर कोण चढू शकतं, गुडघे कुणाचे दुखतात, खिडकीसाठी कोण कुणाशी भांडेल, हे आधीच लिहून ठेवलं की प्रवास सोपा जातो. खिडकीसमोर मी कुंदाचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाचं लिहिलं असतं तरी बसली तिथं तीच असती. पल्लवी म्हणजे कुंदाची मुलगी. ती म्हणाली, "मावशी, आई गेली." आणि माझ्या तोंडून निघालं ते असं : "असं कसं? आत्ताच तर तिनं लाट सांगितली."

खरंच सांगितली होती. चहा उकळत असताना मी तिचा निरोप ऐकला होता. "आज लाट गुडघ्याची. दम छोटा. वारा जमिनीवरून. नहायले झकास दिवस हाये. मी पाहून राहिली, तुमी आपली कामं करा." त्यानंतर तिनं तिरोड्याच्या बाजारातल्या आपल्या शिवणकामाच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं, छातीत कळ आली आणि ती पायरीवर बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या काही बायकांनी तिचा तो निरोप ती गेल्यानंतरच ऐकला. एकीनं तर सवयीनं खाली अंगठाही टाकला... नंतर रडत रडत मला फोन करून विचारत होती, हा आता काढायचा कसा.

गोंदिया जिल्ह्यातल्या बाईला रोज लाटेची खबर कशाला हवी, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्याकडे तलाव आहेत, बोड्या म्हणजे शेतांजवळची लहान तळी आहेत, धानाच्या बांध्यांत गुडघाभर पाणी आहे. समुद्र मात्र इथून एका आख्ख्या रात्रीच्या प्रवासावर. कुंदा सांगायची ती पुरीच्या किनाऱ्याची लाट. त्या किनाऱ्याला आडोसा नाही, खाडी नाही, खडक नाही. बंगालच्या उपसागरात जे काही उठेल ते थेट त्याच्या अंगावर येतं. हे मला आज इतक्या सहज लिहिता येतं, तेही तिच्यामुळेच.

मी शाळेच्या कार्यालयात काम करते. कुंदाशी ओळख झाली ती भांडणातून. दिलेल्या दिवशी तिनं ब्लाउज कधीच दिला नाही, आणि मी दिलेला दिवस विसरणारी नाही. "आली वो यादीवाली," असं ती मला लांबूनच पाहून दुकानातल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. मोठ्यानं बोलणं, मोठ्यानं हसणं, रुसली तरी मोठ्यानं रुसणं. तिचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं, घरामागेच मोठा तलाव. शिंगाड्याच्या वेलींमधून पोहत ती लहानाची मोठी झालेली. पाण्याची भीती म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. आम्ही शेजारच्या आणि तिच्या गिऱ्हाइकांतल्या काही बायका मिळून वर्षातून एकदा-दोनदा कुठंतरी जाऊ लागलो, तेव्हा यादी माझी आणि हट्ट तिचा, अशी वाटणी आपोआप झाली.

पहिल्यांदा पुरीला गेलो ते मे महिन्यात, उन्हाळी सुट्टी बघून. दर्शन झालं, जेवण झालं आणि आम्ही किनाऱ्यावर आलो. आमच्यातल्या एकीनंही त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. सगळ्या जणी वाळूवरच उभ्या राहिल्या. कुंदानं मात्र पदर खोचला आणि घरामागच्या तलावात उतरावं तशी ती सरळ आत गेली. कंबरभर पाण्यात पोचल्यावर वळली. आम्हाला बोलवायला वळली. "अवो या ना! काऊन भेऊन राहिल्या? पाणीच तं हाये!" तिची पाठ समुद्राकडे होती. मागून जी लाट आली ती आम्हाला दिसली, तिला नाही. मग तिचं डोकं दिसलं, मग हिरवी साडी, मग काहीच नाही. नुलिया म्हणजे तिथले कोळी, टोकदार पांढऱ्या टोप्या घालून लोकांवर नजर ठेवणारे. त्यांच्यातल्या दोघांनी तिला ओढून काढलं आणि एकानं खांद्यावर टाकून वाळूत आणलं. तो म्हणाला, "अम्मा, ये तालाब नहीं है. समुंदर को पीठ नहीं दिखाते." कुंदा खारं पाणी ओकत होती. ओकता ओकताच ती त्याच्यावर खेकसली, "तुमारा समुंदर पाय के नीचे की माती चोरून राहिला, ये काऊन नहीं बताया पहले?" आम्हाला हसावं की रडावं ते कळेना.

आमच्याकडच्या पट्टीच्या पोहणाऱ्या माणसाकडूनच ही चूक होते. तलाव कधी पायाखालून सरकत नाही. त्याच्याकडे पाठ केली तरी तो मागून येत नाही.

परतीच्या गाडीत ती कुणाशीच बोलली नाही. मला वाटलं, समुद्राचा विषय संपला. पुढच्या आठवड्यात ती मोबाईल घेऊन माझ्या घरी आली. कुठल्याशा हवामानाच्या पानावर पुरीच्या किनाऱ्याचा अंदाज होता : लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याचे बाण, भरती-ओहोटी. सगळं इंग्रजीत. "हे काय म्हणते ते सांग," ती म्हणाली. "त्यानं मले फसवून नेलं. आता मले त्याची चाल समजून घ्यायची हाये." मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. पण कुणी मला तक्ता दाखवला की मला राहवत नाही. आम्ही दोघी रोज तो तक्ता घेऊन बसू लागलो. उंची तिनं अंगावर उतरवून घेतली : घोट्याची लाट, गुडघ्याची, कमरेची, गळ्याची. दोन लाटांमधल्या वेळेला तिनं 'दम' म्हटलं. दम छोटा, तर लाट जवळच्या वाऱ्यानं उठलेली, नुसती वळवळणारी. दम लांब, तर ती फार दुरून आलेली. दिसायला तेवढीच, पण ओढ वेगळी. शिवाय ती लबाड. बराच वेळ पाणी शांत राहतं, माणसाला वाटतं झालं आता, आणि मग तीन-चार मोठ्या लाटा ओळीनं येतात. आपल्या आकाशात ढग नसला तरी येतात, कारण वादळ दुसरीकडे असतं. हे कळलं त्या दिवशी कुंदानं शिलाई मशीन थांबवलं आणि म्हणाली, "म्हणजे आभाळ पाहून काईच समजत नाई. बाप्पा!"

मग ती रोज सकाळी ग्रुपवर बोलू लागली. धानाच्या रोवण्याचे दिवस होते, बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या. पहिल्याच निरोपावर टोमणे आले. "कुंदाबाई, अठी पाण्याची वाट पाहून राहिलो, अन् तू लाटा सांगते?" "आमाले कायले पायजे तुया समुद्र? ब्लाउज कधी देते ते सांग." ब्लाउजबद्दल तिनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाट सांगितली. दिवाळीपर्यंत अशी गत झाली की तिला उशीर झाला तर बांधावरून फोन यायचे, "आज समुद्र काऊन नाई आला वो?"

धान घरात आल्यावर, डिसेंबरात, आम्ही दुसऱ्यांदा गेलो. कुंदानं बाजारातून शिट्टी घेतली होती, लाल दोरीची, आणि धानाच्या गंजीवर बांधतात तसा जाड दोर. पहिल्या सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं, ऊन कोवळं, वारा नाहीच. कुंदा मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. खूप खाली, दक्षिणेकडे, समुद्रात वादळ होतं. "आज नाई," ती म्हणाली. "दम लय लांब हाये." समोर शंभरेक माणसं खुशाल आंघोळ करत होती. आमच्या बायका भडकल्या. "तुले एकदा बुडवलं म्हणून आमी वाळूत बसावं काय?" "इतक्या दुरून येऊन पाय बी नाई भिजवायचे?" कुंदा पाण्यात आणि आमच्यात आडवी उभी राहिली. म्हणाली, "मायावर रागवा. शिव्या द्या. पण मी शिट्टी वाजवल्याबिगर कोणी जाणार नाई." आम्ही वाळूत बसून मुरमुरे अन् लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले. त्या दिवशी कुणीही बुडालं नाही. संध्याकाळपर्यंत सगळी माणसं हसत घरी गेली. एक जण मुद्दाम म्हणाली, "पाह्यलं? काईच नाई झालं." कुंदा म्हणाली, "तेच तं पायजे होतं मले."

दुसऱ्या सकाळी लाट गुडघ्यावर उतरली. दम छोटा झाला. कुंदानं दोर आमच्या हातात दिला, एका टोकाला नुलिया उभा केला, आणि शिट्टी वाजली. आम्ही गेलो. तोंड समुद्राकडे, दोर मुठीत. लाट आली की एक पाय मागे, अंग तिरपं. ते पाणी, तो फेस, साठीच्या बायकांचं ते लहान मुलींसारखं किंचाळणं... मी अजून विसरले नाही. आणि कुंदा? कुंदा वाळूवरच. फोटोसाठी कुणी वळली की कानठळ्या बसतील अशी शिट्टी. मी भिजून बाहेर आले आणि म्हणाले, "आता तू जा." तिनं समुद्रावरची नजर काढली नाही. "मी गेली तं पाह्यन कोन? तुले पाहता येते काय?"

मला येत नव्हतं. मला तक्ता वाचता यायचा, पाणी वाचता येत नव्हतं. परतीच्या गाडीत, खिडकीपाशी, ती मला हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी तेवढाच एकदा ऐकला. "यादीवाली, तू शिक. साल आहे आपल्याजवळ. मंग मी जाईन. गळ्यापर्यंत जाईन, अन् आपल्या पायानं भायेर येईन. कोनाच्या खांद्यावरून नाई."

ते वर्षभर मी शिकले. ती मला किनाऱ्याची चित्रफीत दाखवायची आणि विचारायची, ओढ कुठं आहे? दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा गुळगुळीत, तिथंच ओढ असते, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. आठवड्यातून एकदा उद्याचा अंदाज मला सांगायला लावायची. मी चुकले की तिला विलक्षण आनंद व्हायचा. दसऱ्याच्या सुमारास सलग काही आठवडे माझा अंदाज बरोबर आला, तेव्हा ती जरा चिडलीच. मग म्हणाली, "चाल, जमलं. तिकिटं काढ." मी काढली. ती गेली तेव्हा मी त्याच गाडीची यादी करत होते.

पहिले काही दिवस मी व्यवस्थित होते. पल्लवीला कागदपत्रं लावून दिली, दुकानातले कपडे नावानिशी वेगळे केले, ज्यांचे त्यांना पोचवले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मग गठ्ठ्यात तळाशी माझा ब्लाउज सापडला. पूर्ण शिवलेला, हुकांसकट. दिलेल्या तारखेच्या आधी. आयुष्यात एकदाच... मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला उठता येईना. लांबून आलेली लाट अशीच असते, हे तिनंच मला शिकवलं होतं.

गेल्या रविवारी सगळ्या दुकानात जमल्या. तिकिटं रद्द करायची, हे जवळपास ठरूनच आल्या होत्या. एक जण म्हणाली, "तिच्याबिगर कोन सांगन, जायचं का नाई?" मी म्हणाले, "मी सांगेन. समुद्र बरा असला तर उतरू. बिघडला तर वाळूत बसून मुरमुरे खाऊ आणि परत येऊ. पण जाऊ." मग मशीनजवळ उभी असलेली पल्लवी म्हणाली, "मावशी, आईचं तिकीट माया नावावर करता येते काय?" येत होतं. मी चौकशी आधीच केली होती. "मंग करा. आईचं गळ्यापर्यंत जायचं राह्यलं हाये, तेवढं मी जाईन. पण मले शिट्टी बी शिकवा."

हे मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं. एकीनंच कायम वाळूवर उभं राहायचं, हे आता चालणार नाही. पहिल्या खेपेला पल्लवी पाण्यात आणि मी वाळूवर. दुसऱ्या खेपेला मी पाण्यात आणि ती वाळूवर. पुढच्या वर्षी तिसरी तयार झाली पाहिजे. कोण, तेही मी ठरवून ठेवलं आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

कुंदाची शिट्टी मशीनच्या रिळाच्या खिळ्याला लटकलेली असायची. अजून तिथंच आहे. निघायच्या दिवशी काढू, असं पल्लवीचं आणि माझं ठरलंय. सकाळचा निरोप मात्र थांबवलेला नाही. पहिल्या दिवशी ग्रुपवर माझा आवाज गेला. मग शेतावरून एकीचा निरोप आला, "हळू बोलते वो यादीवाली. जोरानं सांग." तेव्हापासून जोरानं सांगते. आज पहाटे सांगितलं : लाट कमरेची, दम मध्यम, वारा समुद्रावरून, आज उतरण्यासारखं नाही, पण परवापासून उतार दिसतो. एवढं बोलून मी रोज बटण सोडते. आज सोडलं नाही. तिचं शेवटचं वाक्य इतके दिवस मी मुद्दाम टाळत होते, ते तिचं होतं म्हणून. आज चहा उकळत असताना, तिच्याच बोलीत, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मी पाहून राहिली. तुमी आपली कामं करा."