गप्प गाडी गुंफाला चालत नसे

लक्ष्मण दवाखान्याच्या पायऱ्या उतरून खाली आला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं तोंड पुसलं आणि माझ्या बाजूला जीपच्या पायरीवर बसला. लक्ष्मण म्हणजे माझ्या बायकोचा, गुंफाचा, धाकटा भाऊ. मी समजलो, ती गेली. आदल्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या गुंफाच्या डोक्यातली नस फुटली होती, आणि आमच्या पांढरकवड्याकडल्या गावाहून यवतमाळला मीच तिला जीपमध्ये घालून आणलं होतं. जी बाई कोण्या गड्याला भ्याली नाही, तिला पाडायला सुताएवढी एक नस पुरली. मला रडू नाही आलं. राग आला. जीपच्या दारावर मी अशी बुक्की मारली की पत्र्याला खड्डा पडला. मग लक्ष्मणला म्हटलं, "चाल, आपल्याच गाडीत नेऊ तिले. रेडिओ लावून."

तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जसा मी त्याच्या बहिणीवर थुंकलो. म्हणाला, "भाऊजी, रेडिओ नाही लागनार. जिंदगीभर लोक हासले तिच्यावर, आजच्या दिवशी तरी नोका हासवू. मी शववाहिनी सांगून आलो."

मी म्हटलं, "तुही शववाहिनी तुलेच ठेव." आणि तिथंच आमची जुंपली. ते सांगतो, पण आधी गुंफा सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याचं बायकोसंगं डोकंही गेलं.

मी चौथी शिकलो आणि त्याच्यानंतर जीपच शिकलो. पांढरकवडा ते पाटणबोरी काळी-पिवळी जीप चालवायचो. दुसऱ्यांच्या गाडीवर शिटांना, म्हणजे बसणाऱ्या माणसांना, आवाज द्यायला पोरं लटकायची, माझ्या गाडीवर गुंफा. मागच्या फाटकाजवळ एक पाय आत, एक बाहेर, लुगड्याचा काष्टा घट्ट आणि तोंडात शिवी. दारू पिऊन बायांच्या अंगावर रेलणारा माणूस तिनं चालत्या गाडीतून खाली ढकललेला मी आरशात पाहिला आहे. मी गाडी थांबवली तर मलाच म्हणाली, "कायले थांबता, मेला नाही तो. उठून राह्यला पाहा."

डेक तिनंच बसवायला लावला. शिडी चालणारा आणि रेडिओही लागणारा. आमच्याकडे सीडीला शिडीच म्हणतात. त्या डेकची सगळी मालकी तिची. मला हात लावू देत नव्हती. शिडी पदरानं पुसायची ती मधातून बाहेर, सरळ, गोल नाही. गोल पुसली का चरे पडतात आणि गाणं तिथंच उडते, हे दुकानदारानं एकदा सांगितलं आणि तिनं ते जन्मभर पाळलं. खराब रस्ता आला का शिडी उड्या मारायची. म्हणून गाडी त्या खड्ड्यात पडायच्या आधीच मागून तिचा आवाज यायचा, "अजी, रेडिओवर घ्या." लोक कुरकुरायचे, गाणं अर्धं राहिलं म्हणून. ती म्हणायची, "शिडीतला मानूस कवाचाच गाऊन गेला, आता तो कुठं असन कोनाले ठाव. रेडिओवाला आत्ता बोलून राह्यला, तो जिता हाय. जित्या मानसाचं ऐका जरा." आणि रेडिओवरचा माणूस कापसाच्या फवारणीचं सांगायला लागला, का ही त्याच्याशी भांडायची. "एवढं सोपं हाय त ये ना वावरात, बस खुर्चीत बसून बोलते मेला." गाडी हसायची. हसणारी गाडी भरलेली राहते, हे तिला बरोबर माहीत होतं.

स्टँडवर आमचा नंबराचा कायदा. ज्याचा नंबर त्याची गाडी भरल्याशिवाय मागच्यानं आवाज द्यायचा नाही. आवाज द्यायचा नाही, असं ठरलं होतं. गाणं लावायचं नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं... गुंफानं तेवढ्या फटीतून हात घातला. फकिराच्या गाडीचा नंबर असला का हिनं आमचा डेक मोठा करायचा, आणि माणसं आपोआप आमच्याकडे सरकायची. फकिरा पाटणबोरीचा, रेड्यासारखा गडी. एक दिवस तो सरळ आला, "माह्या शिटा तोडते का वं रांडे" म्हणाला, खिडकीतून हात आत घातला आणि डेक ओढायला लागला. गुंफानं खिडकी नाही पाहिली, हात नाही पाहिला. त्याचा दुसरा हात अर्धवट उघड्या दाराच्या चौकटीत होता, तिनं दार आपटलं. दोन बोटं मोडली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज मी ऐकला. त्यानं उरलेल्या हातानं तिच्या केसाला धरून तोंड बोनेटवर आपटलं, एकदा नाही, दोनदा. तिचा एक दात पडला. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला आणि ती काही सोडेना. मी चाक खोलायची टामी त्याच्या पाठीत घातली, तेव्हा तो बसला. लोकांनी सोडवलं. गुंफा रक्ताची गुळणी टाकून आधी डेकपाशी गेली, बटन दाबून पाहिलं आणि म्हणाली, "चालते."

त्यानंतर फकिरा तिला चेटकीण म्हणायचा आणि ती त्याला थोटा म्हणायची. दोघांचं असं चाललं, चाललं, आणि मग एका ढाब्यावरच्या भांडणात फकिराला कोणीतरी कुऱ्हाडीनं तोडला.

यवतमाळला चिरफाड झाली. असं मढं न्यायला कोणी गाडी देत नव्हतं. त्याची म्हातारी माय आमच्या दारात आली. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुह्या अंगाले हात लावला होता त्यानं, मले ठाव हाय. पन घरी त आनाव लागन ना त्याले." मी खाली पाहत होतो. गुंफानं चप्पल घातली.

मढं जीपमध्ये दोन बाकांच्या मधात खाली ठेवतात. रस्ता असा आहे का डोकं आपटते, म्हणून कोणाला तरी मांडीवर डोकं धरावं लागते. म्हातारीच्या हातात तेवढं बळ नव्हतं. ज्याची बोटं हिनं मोडली, ज्यानं हिचा दात पाडला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन गुंफा खाली बसली. जोडमोहा गाव आलं तरी गाडीत शब्द नाही. मग मागून आवाज आला, "अजी, रेडिओ लावा."

"मढं हाय गाडीत, गुंफे."

"मनूनच. सगळे गप्प बसले का त्याले वाटते, आपल्याले टाकून गेले. गानं नोका लावू. शिडी त नाहीच नाही. बोलता मानूस लावा."

मी लावला. कोणी बाई भाजीपाल्याच्या रोपाविषयी बोलत होती. मोटारसायकलवर मागून येणाऱ्या फकिराच्या भावांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, चेटकीण आनंद करून राह्यली. करंजीच्या अलीकडे त्यांनी गाडी आडवली. पहिला दगड काचेतून आत आला. मला केसाला धरून खाली ओढलं आणि रस्त्यावर टाकून लाथा घातल्या, दोन बरगड्या गेल्या माझ्या. एकजण मागून चढला आणि गुंफाच्या पाठीत बुटाच्या लाथा घालायला लागला. तिनं हात वर केला नाही. केला असता तर फकिराचं डोकं खाली पडलं असतं. ही बाई कोणाचा मार फुकट खाणारी नव्हती, पण त्या दिवशी वाकून वाकून तिनं सगळ्या लाथा पाठीवर घेतल्या. शेवटी ती म्हातारीच उठली आणि लाथा घालणाऱ्या आपल्या लेकाच्या तिनं तोंडात मारली. "ते बाई त्याच्यासंगं बोलून राह्यली, आन तुम्ही गुरावानी गप मागून येऊन राह्यले. चाला, गाडी सोडा. आन रेडिओ बंद करायचा नाही."

तेव्हापासून लोक आम्हाला बोलवायला लागले. दवाखान्यातून कोणाला घरी न्यायचं असलं का, गुंफाबाईची गाडी. तशीच नावंही ठेवणारे होते, मढ्याला रेडिओ ऐकवणारी म्हणून. ती नावं गुंफाला कधी लागली नाहीत, लक्ष्मणला लागली. एका लग्नात कोणी त्याला "काय गा, तुह्या बहिनीनं आज कोनाले बातम्या ऐकवल्या" म्हटलं, तर यानं लोखंडी खुर्चीनं त्या माणसाचं डोकं फोडलं. मग तोच हात घेऊन आमच्या घरी आला, बहिणीला मारायला. गुंफा मिरच्या कांडत होती. तिनं मुसळ उचललं. त्यानंतर दोघं कित्येक वर्षं बोलले नाहीत. तिची नस फुटली तेव्हा मात्र निरोप जाताच तो रातोरात दवाखान्यात आला.

आता त्या दिवसाचं. मी रेडिओ म्हटलं, तो शववाहिनी म्हणाला. मी म्हटलं, तिनं पराया लोकांना गप्प नाही नेलं आणि तिलाच गप्प न्यायचं काय. तो म्हणाला, "तुम्हाले लाज नाही म्हातारपनी." मी त्याला मारलं. उघड्या हातानं नाही, मुठीनं, तोंडावर. त्याचे दोन्ही ओठ फुटले. त्यानं मला गळ्याला धरून जीपवर दाबलं, आणि दोन पांढऱ्या केसांची माणसं दवाखान्याच्या दारात कुत्र्यासारखी लोळली. माझा सदरा फाटला. दारावरच्या शिपायानं दंडुक्यानं आम्हाला वेगळं केलं आणि विचारलं, "मेलं कोन तुमचं?" दोघंही एकदमच म्हणालो, "माही बायको," "माही बहीन." तो शिपाई बाजूला झाला.

तिला खाली आणलं. मी जीपचं मागचं फाटक उघडलं आणि दोघा-चौघांनी तिला बाकांच्या मधात ठेवलं. लक्ष्मण दूर उभा. म्हणाला, "न्या तुम्ही. मी नाही बसत त्या गाडीत." मी स्टेअरिंगवर बसलो आणि आरशात पाहिलं. डोकं धरायला कोणी नव्हतं. जे डोकं धरायची, तीच खाली होती... मी गाडी सुरू करून हातभर पुढं घेतली असेल, तेवढ्यात मागं धपकन आवाज झाला. मला वाटलं तिचं डोकं. लक्ष्मण चढला होता. त्यानं खाली बसून डोकं मांडीवर घेतलं, दुपट्ट्यानं तोंडाचं रक्त पुसलं आणि म्हणाला, "हळू घ्या गाडी."

रेडिओ मी लावला. लक्ष्मणनं मांडी सावरली. हवामान झालं, मग बाजारभाव, मग कोण्या डॉक्टरनं दाताविषयी सांगितलं. जोडमोहा गेलं. मोहद्याच्या अलीकडे रेडिओवरचा माणूस म्हणाला का आमची ही सभा इथंच संपली, आणि नुसतं खरखर सुरू झालं. दुपारी आमचं स्टेशन बंद राहते, हे मी विसरलो. गुंफा असती तर वेळ पाहून गाडी काढायला लावली असती. मी गोल बटन इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, काहीच धरेना. मग तीही खरखर मी बंद केली. गाडीत असा सन्नाटा झाला का मला माझ्या टायरचा आवाज ऐकू यायला लागला.

"शिडी लावा ना मग," लक्ष्मण मागून म्हणाला. ओठ सुजल्यानं त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"शिडी नाही चालत. जिता मानूस पाहिजे."

"तुम्ही बोला."

मी तोंड उघडलं. सारी जिंदगी बोलायचं काम तिनं केलं, मी गाडी चालवली. माझ्या तोंडातून फक्त हवा निघाली. गाडी चालली होती, आणि मागं गुंफा गप्प लोकांत पडली होती. तिला टाकून गेल्यावाणी.

मग लक्ष्मण बोलायला लागला. आधी शिवी दिली. "गुंफे, हरामखोर, मुसळ मारलं तू मले. खांदा अजून दुखते थंडीत." मग बोरीच्या काट्यात त्याला ढकललं होतं ते सांगितलं. मायनं त्याच्यासाठी ठेवलेलं दूध पिऊन मांजरीचं नाव घेतलं होतं, ते सांगितलं. शाळेतल्या एका पोट्ट्यानं त्याला मारलं, तर हिनं त्याला विहिरीच्या काठावरून उलटा लोंबकळत धरला होता, माफी मागेपर्यंत. "मी त त्या पोट्ट्याले माफ केलंतं, पन तू सोडतच नव्हती." करंजी आली, पांढरकवडा आलं, फाटक्या ओठातून रक्त येत होतं आणि तो थांबत नव्हता. रडत नव्हता, भांडत होता. तिच्याशी असंच बोलता येत होतं. गावात शिरलो तर माणसं दारात उभी होती. बाया रडायला पुढं आल्या, आणि लक्ष्मण आतून त्यांच्यावर ओरडला, "थांबा जरा, माह्यं बोलनं व्हायचं हाय." कोणी हसलं नाही.

तेव्हापासून जीप अंगणातच उभी आहे. शिटा घेत नाही मी आता. घरात भाकर गिळत नाही, म्हणून ताट घेऊन स्टेअरिंगवर जाऊन बसतो आणि रेडिओ लावतो. माझं आणि लक्ष्मणचं जमलं, असं कोणी समजू नये. तो माझ्या घरचं पाणी पीत नाही, मी त्याला ये म्हणत नाही. पण बाजाराच्या दिवशी तो येतो, न विचारता मागचं फाटक उघडतो आणि दोन बाकांच्या मधात खाली बसतो, मांडी घालून. तो बसून गुंफाला पहिली शिवी देतो, तेव्हा मी रेडिओ बंद करतो.